व्यसन सोडणाऱ्याला बक्षीस का द्यायचं?

कोकेनचं व्यसन सोडवणारं औषध अजून निघालेलं नाही. हेरॉइनसाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहे, दारूसाठी नाल्ट्रेक्सोन आणि डायसल्फिराम आहे, सिगारेटसाठी निकोटिनची पट्टी आहे. कोकेन आणि मेथॅम्फेटामिनच्या व्यसनासाठी मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकाही गोळीला मान्यता दिलेली नाही. १९८०च्या दशकात तिथे कोकेनची आणि मागोमाग क्रॅकची, म्हणजे ओढायच्या स्वस्त कोकेनची, लाट आली, तेव्हा उपचार केंद्रांकडे समुपदेशनापलीकडे फारसं काही नव्हतं. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत यायचेच बंद व्हायचे.

त्यांना टिकवून धरणारा उपाय वर्तनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आला. त्याचं नाव 'कंटिन्जन्सी मॅनेजमेंट'. मराठीत 'अटीचं बक्षीस' म्हटलं की कल्पना पुरती कळते. अट एकच: शरीरात तो पदार्थ नाही, हे चाचणीत दिसलं पाहिजे. दिसलं की बक्षीस, तिथल्या तिथे. ऐकायला हे पोरकट वाटतं. पण कोकेन-मेथॅम्फेटामिनसारख्या उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावरच्या मानसोपचारांची २०१८ साली एक मोठी तुलना झाली. त्यात ५० अभ्यास आणि जवळपास ७,००० रुग्ण होते, आणि सगळ्यांत वरचा क्रमांक लागला तो अटीच्या बक्षिसाला रुग्णाचं आयुष्य सावरणाऱ्या मदतीची जोड दिली, त्या उपचाराचा.

बर्लिंग्टनचा हिशेब

व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी, तिथल्या विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली कूपनांच्या पद्धतीचे पहिले निष्कर्ष छापले. पुढच्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाचा सांगाडा इथलाच आहे, म्हणून हा हिशेब नीट बघू.

कार्यक्रमाचे पहिले १२ आठवडे. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस रुग्ण केंद्रात येतो आणि लघवीचा नमुना देतो. पहिल्या स्वच्छ नमुन्याला २.५० डॉलरचं कूपन. त्यानंतर सलग येणाऱ्या प्रत्येक स्वच्छ नमुन्याला आधीपेक्षा १.२५ डॉलर जास्त: ३.७५, ५, ६.२५ असं चढत जातं. शिवाय सलग तीन नमुने स्वच्छ निघाले की १० डॉलर वरखुशी. नमुना खराब निघाला किंवा रुग्ण आलाच नाही, तर पुढचं कूपन पुन्हा २.५० डॉलरवर. मात्र त्यानंतर सलग पाच नमुने स्वच्छ दिले, की घसरण्याआधी जिथे पोचला होता त्या रकमेवर तो परत येतो. जो १२ आठवडे एकदाही घसरला नाही, त्याच्या शेवटच्या, म्हणजे छत्तिसाव्या, नमुन्याची किंमत ४६.२५ डॉलर होते आणि एकूण बेरीज ९९७.५० डॉलर.

रोख पैसे हातात पडत नाहीत. खात्यावर जमा होतात आणि रुग्ण सांगेल ती वस्तू केंद्रातला माणूस विकत आणून देतो. बर्लिंग्टनमध्ये लोकांनी मासेमारीचा परवाना, स्कीइंगचा पास, सायकलचं सामान, शिक्षणाचं साहित्य असं काय काय घेतलं. यातही हेतू होता. मासे पकडायला गेलेला माणूस त्या दुपारी कोकेन घेणाऱ्या मित्रांत बसलेला नसतो. तेरा ते चोवीस या आठवड्यांत चाचण्या आठवड्याला दोनच, आणि स्वच्छ नमुन्यामागे एक डॉलरचं सरकारी लॉटरीचं तिकीट.

१९९३च्या अभ्यासात ३८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांना ही पद्धत, निम्म्यांना नेहमीचं समुपदेशन. पहिल्या गटातले ५८ टक्के रुग्ण २४ आठवडे टिकले, दुसऱ्यातले ११ टक्के. सलग आठ आठवडे कोकेनपासून दूर राहिलेले पहिल्या गटात ६८ टक्के, दुसऱ्यात ११. पण यावर एक रास्त शंका आली. पहिल्या गटाचं समुपदेशनही वेगळं आणि जास्त सखोल होतं, मग श्रेय कूपनाचं कशावरून? म्हणून १९९४ साली दोन्ही गटांना तेच समुपदेशन दिलं आणि कूपन फक्त एकाला. कूपनवाले ७५ टक्के टिकले, बाकीचे ४० टक्के. सलग कोकेनमुक्त राहण्याचा सरासरी काळ ११.७ आठवडे विरुद्ध ६.

अडीच डॉलर कोकेनला कसे पुरून उरतात?

व्यसनी माणसाला परिणाम कळत नाहीत, हा समज चुकीचा आहे. नोकरी जाईल, बायको माहेरी जाईल, यकृत जाईल, हे त्याला इतर कुणापेक्षा जास्त स्पष्ट माहीत असतं. अडचण वेळेची आहे. नशा काही सेकंदांत किंवा मिनिटांत मिळते, आणि नक्की मिळते. न घेण्याचं बक्षीस मात्र महिन्यांनी, वर्षांनी मिळतं, तेही मिळेल याची खात्री नाही. पहिल्या आठवड्यात तर सोडण्याचं फळ म्हणून हातात फक्त त्रास पडतो: झोप नाही, चिडचिड, तलफ. गर्द घेणाऱ्यांच्या भाषेत 'टर्की'.

दूरची गोष्ट आपल्या सगळ्यांनाच लहान दिसते. आज शंभर रुपये की महिनाभराने दीडशे, असं विचारलं तर बरेच जण आजचे शंभर उचलतील. दूरच्या गोष्टीची किंमत अशी उतरणं व्यसन असलेल्यांमध्ये फार तीव्र असतं. १९९७ साली व्हरमाँटमध्येच हेरॉइनच्या व्यसनाचे रुग्ण आणि व्यसन नसलेले लोक यांना असे पर्याय देऊन तपासलं. पुढे मिळणाऱ्या १,००० डॉलरची किंमत रुग्णांच्या मनात कितीतरी वेगाने उतरत होती. अशा माणसाला 'पाच वर्षांनी तुझं आयुष्य कसं असेल याचा विचार कर' असं सांगणं म्हणजे त्याला जे सगळ्यांत अंधुक दिसतं तेच पुन्हा दाखवणं. सदिच्छेने दिलेले इतके उपदेश वाया जातात ते यामुळे. अटीचं बक्षीस न घेण्याचा फायदा पाच वर्षांवरून आज दुपारवर आणून ठेवतं.

या विचाराला प्राण्यांवरच्या प्रयोगांचा भक्कम आधार आहे. पिंजऱ्यात एकच कळ असते आणि ती दाबली की कोकेन मिळतं, तेव्हा उंदीर ती दाबत राहतात, आणि त्या प्रयोगांवरून 'ड्रग्जपुढे काही चालत नाही' हा समज पसरला. दुसरी कळ ठेवली की चित्र बदलतं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे सर्ज अहमद यांच्या गटाने २००७ साली उंदरांना एका कळीला शिरेतून कोकेन आणि दुसऱ्या कळीला सॅकरिनचं गोड पाणी असा पर्याय दिला. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. २०१८ साली बॉल्टिमोरमध्ये मार्को व्हेनिरो आणि सहकाऱ्यांनी गोड पाण्याच्या जागी दुसऱ्या उंदराची सोबत ठेवली. मेथॅम्फेटामिनची सवय लागलेले उंदीरही सोबतीकडे वळले. मग संशोधकांनी सोबत मिळायला उशीर लावला, आणि उंदीर पुन्हा ड्रग्जकडे सरकले. वस्तू तीच, फक्त उशिरा आली. माणसांच्या केंद्रात बक्षीस तीन दिवसांनी दिलं तर काय होईल, याचं उत्तर या प्रयोगात आहे.

कपातली चाचणी

सगळी पद्धत चाचणीवर उभी आहे, त्यामुळे चाचणीचे बारकावे महत्त्वाचे. कोकेन स्वतः रक्तातून लवकर जातं, पण यकृतात त्यापासून बनणारा बेंझॉयलेक्गोनिन हा घटक लघवीत साधारण दोन ते चार दिवस दिसतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार हे वेळापत्रक यावरूनच ठरलं. अंतर इतकंच असावं की मधे घेतलेलं सुटू नये. महिन्यातून एक चाचणी घेणारं केंद्र खरं तर चाचणी घेतच नाही. त्या चार दिवसांआधी काय झालं ते त्याला कळणारच नाही. उलट रोज चाचणी घेतली तर एकाच वेळच्या कोकेनची शिक्षा दोनदा होते आणि रुग्णाचा हिशेबावरचा विश्वास उडतो.

नमुना खरा आहे का, हेही बघायचं. कपावरची तापमानाची पट्टी चार मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश सेल्सिअस दाखवत नसेल, तर लघवी बाहेरून आणलेली असू शकते. लघवीत नेहमी असणारा क्रिएटिनिन हा घटक प्रति डेसिलिटर २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर खूप पाणी पिऊन किंवा ओतून नमुना पातळ केलेला असण्याची शक्यता असते.

पदार्थ बदलला की गणित बदलतं. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो सोडल्यावरही कित्येक आठवडे दिसत राहतो. पहिल्याच आठवड्यापासून स्वच्छ नमुन्याची अट घातली तर माणूस खरं वागूनही हरतो. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फक्त हजर राहून नमुना देण्यालाच बक्षीस ठेवायचं. सिगारेटचं उलट आहे. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड काही तासांत निम्मा होतो, त्यामुळे दिवसातून दोनतीनदा फुंकून दाखवावं लागतं. अफूच्या चाचणीला खसखस फसवू शकते. भरपूर खसखस घातलेला पदार्थ खाल्ला तर मॉर्फिन दिसू शकतं, आणि याच कारणाने अमेरिकेने १९९८ साली नोकरीतल्या चाचण्यांसाठी अफूची मर्यादा प्रति मिलिलिटर ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० केली. महाराष्ट्रात 'एमडी' म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोन ॲम्फेटामिनच्या साध्या पट्टीत बहुतेकदा सापडतच नाही. पट्टी स्वच्छ आली म्हणून निश्चिंत झालेल्या घरांनी हे लक्षात ठेवावं.

चिठ्ठ्यांचा वाडगा

हजार डॉलर प्रत्येकामागे कोण देणार? कनेटिकटमधल्या नॅन्सी पेट्री यांनी यावर उत्तर काढलं: ठरावीक रकमेऐवजी चिठ्ठी उचलण्याची संधी. काचेच्या वाडग्यात ५०० चिठ्ठ्या. त्यातल्या २५० वर फक्त 'शाबास', २०९ वर सुमारे एक डॉलरचं बक्षीस, ४० वर २० डॉलरचं आणि एकीवर १०० डॉलरचं. पहिल्या स्वच्छ नमुन्याला एक चिठ्ठी, सलग दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. घसरलं की पुन्हा एक. एका चिठ्ठीचा सरासरी खर्च दोन डॉलरच्या आसपास पडतो, पण उचलणाऱ्याचं लक्ष शंभराच्या चिठ्ठीवर असतं. बक्षिसांचं कपाट केंद्रातच, काचेच्या दाराआड, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. चिठ्ठी निघाली की वस्तू लगेच हातात.

आठ केंद्रांमधल्या ४१५ रुग्णांवर पेट्री आणि सहकाऱ्यांनी हे वापरलं. २००५ साली निकाल छापला: वाडगा असलेल्या गटात ४९ टक्के रुग्ण १२ आठवडे टिकले, नसलेल्यात ३५ टक्के. बक्षिसांवर माणशी सरासरी २०३ डॉलर खर्च झाले. फरक बर्लिंग्टनइतका मोठा नाही, आणि खर्चही तितका नाही. चिठ्ठ्यांमुळे जुगाराची सवय लागेल या भीतीने तेही तपासलं; जुगार वाढलेला आढळला नाही. तरीही ज्याला आधीच जुगाराचं व्यसन आहे, त्याला वाडग्यापाशी आणू नये. त्याला कूपनच द्यावं.

कुठे बिघडतं

रक्कम फार कमी ठेवणं, ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. बॉल्टिमोरमध्ये केनेथ सिल्वरमन यांनी १९९९ साली अशा रुग्णांवर प्रयोग केला, ज्यांच्यावर नेहमीच्या कूपनांचाही परिणाम झाला नव्हता. नऊ आठवड्यांत जास्तीत जास्त ३,४८० डॉलर, ३८२ डॉलर आणि शून्य अशा तीन पायऱ्या त्याच माणसांना आळीपाळीने दिल्या. मोठ्या रकमेच्या काळात ४५ टक्के जण सलग चार आठवड्यांहून जास्त काळ कोकेनपासून दूर राहिले. छोट्या रकमेच्या काळात एकच जण दोन आठवड्यांपलीकडे गेला, शून्याच्या काळात एकही नाही. आता याच्या शेजारी हे ठेवून बघा, की अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या कार्यक्रमांना बरीच वर्षं माणशी वर्षाला ७५ डॉलरची मर्यादा होती. औषधाचा डोस दहा-पंधरा पटींनी कमी करून दिला आणि मग औषध चालत नाही म्हटलं, असा हा प्रकार. कॅलिफोर्नियाने २०२३ साली गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून २४ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्यात वर्षाला ५९९ डॉलरपर्यंत देता येतात. माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी २०११ पासूनच देशभर ही पद्धत आणली होती. तिथल्या पहिल्या सुमारे २,००० रुग्णांच्या नमुन्यांपैकी ९२ टक्के स्वच्छ निघाले.

दुसरी चूक उशीर. नमुना प्रयोगशाळेत पाठवून शुक्रवारी निकाल, सोमवारी कूपन, असं झालं की मधल्या तीन दिवसांत नशा सतरा वेळा बाजी मारून जाते. चाचणी कपातच, पाच मिनिटांत व्हायला हवी.

तिसरी चूक 'एकंदर प्रगती'ला बक्षीस देणं. रुग्ण नम्र वागतो, गटात चांगलं बोलतो, म्हणून कूपन. उद्धट आहे म्हणून नाही. हे सुरू झालं की रुग्ण समुपदेशकाला खूश ठेवायला शिकतो, कोकेन सोडायला नाही. वर्तन एकच निवडायचं आणि ते मोजता येणारं असलं पाहिजे. एकाच वेळी दारू, गांजा, कोकेन, सिगारेट सगळं सोडलं तरच बक्षीस अशी अट घातली, तर पहिलं बक्षीस कुणालाच मिळत नाही. आणि ज्याला बक्षीस एकदाही मिळालं नाही त्याच्यासाठी ते अस्तित्वातच नसतं. म्हणून पहिल्या दिवशी, नमुना कसाही निघो, नुसतं आल्याबद्दल एक चिठ्ठी उचलू द्यायची.

घसरण्याचा नियम कडक हवा, पण परतीची वाट उघडी हवी. सिगारेट ओढणाऱ्यांवर १९९६ साली तीन पद्धती ताडून पाहिल्या होत्या: ठरलेली सारखी रक्कम, चढती रक्कम, आणि घसरलं की खाली आणणारी चढती रक्कम. पुन्हा सिगारेटकडे न वळण्यात तिसरी सरस ठरली, कारण दिवस जातील तसं गमावण्यासारखं वाढत जातं. पण नववा आठवडा गाठलेला माणूस एका रात्री चुकला आणि सगळं मातीत गेलं, तर तो 'आता गेलंच, तर पुरतंच जाऊ दे' म्हणतो. ॲलन मार्लाट यांनी घसरणीच्या अभ्यासात नेमका हा क्षण टिपला होता: एका चुकीचं रूपांतर आठवडाभराच्या नशेत होतं ते त्या चुकीनंतरच्या अपराधी विचारामुळे. पाच स्वच्छ नमुन्यांनी जुनी पायरी परत मिळण्याची सोय यासाठी आहे.

नमुना खराब निघाला तर काय बोलायचं, हेही ठरलेलं असतं. 'आज कोकेन दिसतंय, त्यामुळे आज कूपन नाही. तुम्ही आलात हे बरं केलंत. बुधवारी या, अडीच डॉलरपासून पुन्हा सुरू करू.' एवढंच. आवाज चढवायचा नाही, चेहरा पाडायचा नाही. ओरडा खायच्या भीतीने माणूस बुधवारी आलाच नाही, तर उपचार तिथेच संपतो.

ही लाच नाही का, असं विचारलं जातं. लाच गैरकाम करण्यासाठी देतात. इथे माणूस त्याच्यासाठी अत्यंत कठीण असलेलं योग्य काम करतो आणि त्याचा मोबदला घेतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बक्षीस थांबल्यावर काय? काही जण घसरतात, हे खरं आहे. पण रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला म्हणून कुणी गोळीला दोष देत नाही. शिवाय उपचारात सलग जितके जास्त आठवडे स्वच्छ जातात तितकी पुढे टिकण्याची शक्यता वाढते, हे एकामागून एक अभ्यासांत दिसलं आहे. त्या उसन्या आठवड्यांत माणसाच्या आयुष्यात दुसरं काय उभं राहतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

ते उभं करायची रीत या कूपनांच्याही आधीची आहे. इलिनॉयमधल्या ॲना इथल्या सरकारी मनोरुग्णालयात जॉर्ज हंट आणि नेथन ॲझ्रिन यांनी १९७३ साली दारूच्या रुग्णांना नोकरी शोधायला, घरचे संबंध जोडायला आणि संध्याकाळी दारूशिवाय एकत्र बसायला जागा मिळवून द्यायला मदत केली. फोन नाही म्हणून नोकरी मिळत नसेल तर फोनची सोय करण्यापर्यंत. बर्लिंग्टनच्या समुपदेशनाचा गाभा हाच होता. कूपन माणसाला दारात आणतं, पण संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत कुठे जायचं हा प्रश्न कूपन सोडवत नाही.

अफूच्या वर्गातल्या पदार्थांबाबत, म्हणजे हेरॉइन, गर्द, ब्राऊन शुगर यांच्याबाबत, एक इशारा आवश्यक आहे. तिथे बक्षीस औषधाच्या जोडीने द्यायचं, औषधाऐवजी नाही. काही आठवडे न घेतल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि घसरलेला माणूस जुन्याच मापाने घेतो. श्वास थांबून मृत्यू येतो तो बहुतेकदा अशा वेळी: केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरच्या दिवसांत. जागेचाही परिणाम होतो. शेपर्ड सीगल यांनी १९८२ साली हेरॉइनची सवय असलेल्या उंदरांना एकच मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत ३२ टक्के मेले, अनोळखी खोलीत ६४ टक्के. ओळखीची जागा दिसताच शरीर आधीच प्रतिकाराला उभं राहतं. नव्या जागी ते गाफील असतं.

वर्गातला खेळ

व्यसन लागण्याआधी काय करता येईल? शाळेत पोलीस काका येऊन ड्रग्जचे दुष्परिणाम सांगतात, हा प्रकार अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमधून 'डेअर' नावाने सुरू झाला आणि देशभर पसरला. तपासल्यावर मुलांच्या पुढच्या वागण्यात जवळपास काहीच फरक आढळला नाही. त्याच दशकात बॉल्टिमोरच्या शाळांत शेपर्ड केलॅम यांनी पहिलीच्या वर्गात एक खेळ आणला. कॅन्ससमधल्या संशोधकांनी तो १९६९ साली तयार केला होता. वर्गाचे तीन गट करायचे, प्रत्येकात शांत, खोडकर सगळी मुलं मिसळून. नियम फळ्यावर लिहायचे. नियम मोडला की गटाच्या नावापुढे एक खूण. ठरलेल्या वेळात चार किंवा त्याहून कमी खुणा असलेले सगळे गट जिंकले. सुरुवातीला दहा मिनिटांचा खेळ, आठवड्यातून तीनदा. हळूहळू वेळ वाढवायची.

खेळात ड्रग्जचा शब्दही नाही. पण ही मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर, खेळलेल्या वर्गांतल्या १९ टक्के मुलग्यांमध्ये अंमली पदार्थांचा विकार आढळला, त्याच शाळांमधल्या न खेळलेल्या वर्गांत ३८ टक्के. सगळ्यांत जास्त फायदा पहिलीत मारकुट्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलग्यांना झाला. मुलींमध्ये असा फरक दिसला नाही.

घरच्यांच्या हातात काय आहे

ज्याला उपचारच नको आहेत, त्याच्या घरच्यांनी काय करावं? 'तो स्वतःच्या तळाला पोचेल तेव्हा येईल' हा सल्ला फार महागात पडतो. रॉबर्ट मेयर्स यांनी 'क्राफ्ट' नावाची पद्धत थेट कुटुंबीयांसाठी बांधली, त्याच हंट-ॲझ्रिनच्या पायावर. १९९९च्या अभ्यासात उपचार नाकारणाऱ्या दारूबाजांच्या १३० नातेवाइकांना तीन वाटांवर पाठवलं. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत ३० टक्के, आणि नातेवाइकांच्या आधारगटाला जाणाऱ्यांत १३ टक्के.

शिकवतात ते असं. आधी आठवडाभर नोंद: कधी घेतो, कुणाबरोबर, आधी काय घडलेलं असतं, नंतर काय. मग तो शुद्धीत असेल तेव्हा त्याला आवडणारं काही घडवायचं: आवडीचं जेवण, सोबत बसून मॅच, चौकापर्यंत फेरी. आणि ते का, हे सांगायचं. आई मुलाला म्हणू शकते, 'अरे, आज तू नीट आहेस, किती दिवसांनी एकत्र जेवलो. बरं वाटलं बघ. घेऊन आलास की मी आत निघून जाते, तेव्हा माझ्याच्यानं बोलवत नाही.' घेऊन आला की खरंच आत जायचं. भांडण नाही, रडारड नाही. भांडण हीसुद्धा त्याला मिळालेली दखलच असते. त्याच्या वतीने साहेबांना 'ताप आलाय' असा फोन करायचा नाही, उसनवारी फेडायची नाही. मारहाणीची शक्यता असेल तर यातलं काहीही करण्याआधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षित जागा ठरवायची. शिकवताना तो भाग सगळ्यांत आधी येतो.

हे काम फक्त मानसोपचारतज्ज्ञांनीच करावं असंही नाही. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी दारूचं प्रमाण हानिकारक झालेल्या ३७७ पुरुषांवर एक चाचणी केली आणि २०१७ साली निकाल छापला. समुपदेशन करणारे स्थानिक, प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक. भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशनाच्या गटात ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, इतरांत २६ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

राहिला प्रश्न 'चल, उपचाराला जाऊ' हे कधी म्हणायचं. नशेत असताना नाही, आणि सगळं सुरळीत असतानाही नाही. रात्री काही भलतं घडलं, सकाळी तो मान खाली घालून बसला आहे. किंवा तो आपणहून विचारतो, 'हल्ली तू माझ्याशी वेगळी का वागतेस?' ती वेळ. ही दारं अर्धा दिवस उघडी असतात, मग तलफ ती लावून घेते. म्हणून केंद्र आधीच बघून ठेवायचं, फी विचारून ठेवायची, कुणाला भेटायचं त्यांचं नाव लिहून ठेवायचं. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. आणि केंद्राला पहिला प्रश्न हा विचारायचा, की आम्ही आज फोन केला तर तुम्ही उद्या बघाल का. उत्तर 'पुढच्या महिन्यात' असेल, तर दुसरं केंद्र शोधायचं.